इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी लिहिलेले दारिद्र्य : एक चिकित्सा

इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांसाठी जे गद्य खास लिहिले, निवडले किंवा सोपे करून दिले जाते, त्याकडे वाङ्मयसमीक्षकाचे लक्ष क्वचितच जाते. तो शिक्षणशास्त्राचा प्रांत, असे म्हणून समीक्षक ते बाजूस सारतो; आणि शिक्षणशास्त्र त्यातील शब्दसंख्या, वाक्यरचना व स्वाध्याय यांची मोजदाद करून थांबते. वस्तुतः आपल्याकडील बहुसंख्य शिकलेल्या माणसांनी इंग्रजीतून लक्षपूर्वक वाचलेले पहिले गद्य हेच होय, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते शेवटचेही ठरते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाते. तेव्हा या गद्याने जगाचे जे चित्र मनावर उमटते ते किती मनांवर उमटते, याचा अंदाज करणे कठीण नाही. प्रस्तुत लेखात या गद्यातील एकाच विषयाचा विचार करावयाचा आहे. दारिद्र्य व सामाजिक विषमता हा तो विषय.

हे दोन शब्द आपण जोडीने उच्चारतो. पण त्यांत एक मूलभूत भेद आहे आणि पुढील सर्व विवेचन त्यावर आधारलेले आहे. दारिद्र्य ही एका माणसाची स्थिती आहे. तिचे वर्णन करावयास तो एकटा माणूस पुरतो : त्याचे फाटके वस्त्र, त्याची झोपडी, त्याची भूक. विषमता ही मात्र स्थिती नव्हे, तो संबंध आहे. तिचे वर्णन करावयाचे तर निदान दोन माणसे लागतात, आणि त्या दोघांमध्ये काय चालते हे सांगावे लागते. कोण कोणाचे देणे लागतो, कोणाच्या श्रमाचे मोल कोण ठरवितो, कोणाला पाण्याजवळ येऊ दिले जात नाही, हे सांगितल्याखेरीज विषमतेविषयी काहीच सांगितल्यासारखे होत नाही. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी होणाऱ्या लेखनात दारिद्र्य वारंवार येते. विषमता मात्र बहुधा वगळली जाते, आणि वगळली गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही, असे माझे म्हणणे आहे.

या म्हणण्याचा एक लहानसा पण बोलका पुरावा सी. के. ऑग्डेन यांच्या शब्दयादीत सापडतो. ऑग्डेन यांनी १९३० मध्ये ‘बेसिक इंग्लिश’ या नावाने ८५० शब्दांची मर्यादित इंग्रजी मांडली. या ८५० शब्दांत १५० शब्द गुणवाचक आहेत, आणि त्यांपैकी ५० तर विरुद्धार्थी म्हणून वेगळे काढलेले आहेत. या गुणवाचकांत ‘पुअर’ हा शब्द आहे. ‘रिच’ हा शब्द नाही. विरुद्धार्थी पन्नासांतही तो नाही. ऑग्डेन यांच्या मनात काही कुटिल हेतू होता असे येथे सुचवावयाचे नाही. जो शब्द इतर शब्दांच्या साहाय्याने समजावून देता येतो तो गाळावा, हे त्यांचे काटकसरीचे तत्त्व होते, आणि श्रीमंत माणसाचे वर्णन ‘ज्याच्याजवळ पुष्कळ पैसा किंवा मालमत्ता आहे तो’ असे करता येते. पण या काटकसरीचा परिणाम पाहण्यासारखा आहे. ‘बेसिक’ वापरणाऱ्याला गरिबी हा माणसाचा गुण म्हणून एका शब्दात सांगता येतो, त्याच्या उंचीसारखा किंवा वर्णासारखा. श्रीमंती मात्र त्याच्याजवळ असलेल्या वस्तूंच्या रूपानेच सांगावी लागते. एक जण गरीब असतो. दुसऱ्याजवळ फक्त पैसे असतात.

तथापि याच यादीत मालक, नफा, मालमत्ता, कर्ज, कर, मोबदला, किंमत, नोकर, कायदा या अर्थांचे शब्द आहेत. ‘समान’ या अर्थाचाही आहे. म्हणजे ८५० शब्दांत विषमता सांगता येत नाही असे मुळीच नाही. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये सिद्ध केलेल्या, सुमारे दोन हजार शब्दांच्या ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’मध्ये तर घरभाडे, मजुरी आणि देणे लागणे यांचेही शब्द आहेत. संबंध सांगणारी ही क्रियापदे व नामे इंग्रजीत आखूड, रोजची आणि बाजारातली आहेत. ती अवघड म्हणून टाळली गेली, ही सबब टिकण्यासारखी नाही.

शब्दांविषयी बोलत असताना आपल्या भाषेकडेही एकदा पाहून घ्यावे. ‘गरीब’ हा शब्द अरबीतून आला. तेथे त्याचा अर्थ परका, परदेशी असा होता. मराठीत येऊन तो निर्धन तर झालाच, शिवाय मवाळही झाला. गरीब गाय म्हणजे निर्धन गाय नव्हे, लाथ न मारणारी गाय. ‘गरीब बिचारा’ ही जोडी तर इतकी घट्ट झाली आहे की गरीब माणूस बिचारा नसू शकतो ही कल्पनाच ती करू देत नाही. उलट ‘श्रीमंत’ ही पेशव्यांच्या नावामागे लागणारी पदवी होती. इंग्रजी ‘पुअर’ शब्दातही निर्धन, कीव करण्याजोगा आणि हलक्या प्रतीचा असे तिन्ही अर्थ नांदतात. तेव्हा मराठी विद्यार्थी इंग्रजी पाठात हा शब्द वाचतो, त्या वेळी दोन्ही भाषांतील दया एकदमच त्याच्यावर ओघळते.

सोप्या इंग्रजीतील वाचनमालांचे जनक म्हणून ज्यांचा उल्लेख होतो त्या मायकेल वेस्ट यांच्या बाबतीत एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. वेस्ट हे भारतीय शिक्षण सेवेत बंगालमध्ये होते, आणि १९२६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा द्विभाषिकत्वावरील ग्रंथ बंगाली मुलांच्या निरीक्षणातून निर्माण झाला. त्यात त्यांनी विमाव्यवसायातील एक संज्ञा शिक्षणाला लावली. विम्याचे हप्ते मध्येच थांबविणाऱ्याला जे परत मिळते त्याला समर्पणमूल्य म्हणतात. त्याचप्रमाणे शाळा अर्ध्यावर सोडणाऱ्या मुलाच्या पदरात तोवरच्या इंग्रजीपैकी उपयोगाचे असे काय पडते, असा प्रश्न वेस्ट यांनी विचारला. बोलणे अर्धवट आले तर त्याचा उपयोग थोडा. वाचन मात्र जेवढे येईल तेवढे कामी येते. म्हणून आधी वाचन, आणि वाचनासाठी मोजक्या शब्दांची पुस्तके, अशी ती विचारसरणी होती. किंबहुना या वाचनमालांच्या मुळाशी शाळा सोडावी लागणारा मुलगाच उभा होता. परंतु त्याला शाळा का सोडावी लागते, हा प्रश्न मात्र त्याच्यासाठी तयार झालेल्या पुस्तकांच्या आशयात आला नाही. पद्धतीला जे कळले ते पाठाला कळू दिले गेले नाही, असेच म्हणावे लागते.

सोपे करण्याच्या क्रियेत नेमके काय निसटते हे पाहण्यास चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’चे उदाहरण सोयीचे आहे, कारण संक्षिप्त व सुलभ आवृत्त्यांत ही कादंबरी अनेक पिढ्यांनी वाचली आहे. १८३७ ते १८३९ या काळात ती ‘बेंटलीज मिसेलनी’ या मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभीच्या प्रकरणांचे लक्ष्य १८३४ चा नवा दारिद्र्यविषयक कायदा हे होते. सरकारी मदत घेणाऱ्याची अवस्था स्वतंत्रपणे राबणाऱ्या अगदी खालच्या मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे, नाही तर लोक काम सोडून अनाथगृहात येऊन बसतील, हे त्या कायद्यामागील तत्त्व. डिकन्स या तत्त्वाशी वाद घालीत बसत नाही. तो हिशेब मांडतो. अनाथगृहाच्या मंडळाने पाणी हवे तेवढे मिळावे असा करार पाणीपुरवठा करणाऱ्यांशी केला आणि पीठ थोडे थोडे मिळावे असा करार धान्यव्यापाऱ्याशी केला, हे तो गंभीर चेहऱ्याने सांगतो, आणि पेजेची पातळ धार वाचकाला आपोआप दिसते. मुलांना सांभाळणाऱ्या बाईस दर मुलामागे दर आठवड्यास ठराविक पेन्स मिळतात, व मुलांसाठी काय चांगले आणि आपल्यासाठी काय चांगले हे तिला पक्के ठाऊक असल्यामुळे त्यांतील मोठा भाग ती स्वतःकडे ठेवते.

सुलभीकरणाचा सर्वसाधारण मार्ग ज्यांना परिचित आहे त्यांस येथे काय घडते ते सांगावयास नको. मंडळ, करार, दर मुलामागचा आकडा हे ‘कथानकास अनावश्यक’ म्हणून जाते. लेखकाचा गंभीर चेहरा, म्हणजे त्याचा उपरोध, शिकाऱ्याला कळणार नाही म्हणून जातो. राहते ते रिकामे वाडगे घेऊन उभे असलेले मूल, आणि शेवटी त्याला भेटणारे दयाळू वृद्ध गृहस्थ. मूळ कादंबरीतही भूक आहे आणि दयाळू गृहस्थही आहेत, हे मान्य केले पाहिजे. डिकन्स हा काही अर्थशास्त्रज्ञ नव्हे, आणि त्याच्या कथानकाचा उत्तरार्ध पूर्वार्धातील प्रश्नाला वारसाहक्काचे उत्तर देऊन मोकळा होतो, ही त्याच्यावरील टीका जुनीच आहे. पण पूर्वार्धात भुकेला दुसरी बाजू आहे. तेथे मुलाचे पोट आणि मंडळाचा करार एकाच परिच्छेदात बसले आहेत. संक्षेपात पोट राहते, करार जातो. आणि हा करार सांगावयास कोणते अवघड शब्द लागतात? पाणी पुष्कळ घेतले, पीठ थोडे घेतले, पैसे वाचले, हे पहिल्या हजार शब्दांत सांगता येते. तेव्हा जे गळते ते अवघड म्हणून गळत नाही. शिकाऱ्याला गोष्ट हवी, हिशेब नको, अशा समजुतीने ते गाळले जाते.

आता आपल्या देशातील व आपल्या काळाजवळील उदाहरणाकडे वळू. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने (एन.सी.ई.आर.टी.) बारावीसाठी २००७ मध्ये काढलेल्या ‘फ्लेमिंगो’ या इंग्रजी पाठ्यपुस्तकात अनीस जंग यांच्या ‘लॉस्ट स्प्रिंग’ या पुस्तकातील उतारा त्याच नावाने घेतलेला आहे. हरवलेल्या बालपणाविषयीचा हा पाठ देशभरातील असंख्य विद्यार्थ्यांनी अभ्यासला. इंग्रजी शिकणाऱ्यांपुढे दारिद्र्य ठेवणाऱ्या पाठांत तो पुष्कळच वरच्या प्रतीचा आहे, आणि म्हणूनच त्याची चिकित्सा कसोशीने व्हावयास हवी.

पाठाचे दोन भाग आहेत. पहिल्यात दिल्लीच्या कडेला सीमापुरी येथे राहणारा, कचरा वेचणारा साहेब हा मुलगा आहे. त्याचे कुटुंब ढाक्याकडून आले. सीमापुरीत १९७१ पासून अशी कुटुंबे वसली. तेथे गटारे नाहीत, नळ नाहीत; शिधापत्रिका मात्र आहे, कारण पोट भरण्यास ती ओळखीपेक्षा अधिक उपयोगी पडते. मुलाचे पूर्ण नाव साहेब-ए-आलम, जगाचा स्वामी. आणि तो अनवाणी हिंडतो. पुढे तो एका चहाच्या टपरीवर आठशे रुपये व जेवण यांवर नोकरीस लागतो, आणि त्याच्या खांद्यावरची हलकी पिशवी जाऊन हातात मालकाची किटली येते. दुसऱ्या भागात उत्तर प्रदेशातील फिरोझाबाद, काचेच्या बांगड्यांचे शहर, आणि मोटारदुरुस्ती शिकू पाहणारा मुकेश. येथे घराघरांत मुले दिव्याच्या ज्योतीपुढे बसून काचेचे तुकडे जोडतात, आणि त्यांचे डोळे प्रौढ होण्यापूर्वीच अधू होतात.

या पाठाचे गुण खरे आहेत. निवेदिका स्वतःस निर्दोष ठरवीत नाही. मी शाळा काढीन, तू येशील का, असे ती साहेबला सहज बोलून जाते. काही दिवसांनी तो येऊन शाळा झाली का म्हणून विचारतो आणि ती ओशाळते. पाहुण्या माणसाच्या करुणेचे मोल किती, हे या एका प्रसंगाने सांगितले आहे. पिशवी आणि किटली यांच्या वजनातील फरकही नेमका पकडला आहे. पगार आला आणि स्वामित्व गेले, ही जाणीव दारिद्र्यापलीकडे जाऊन संबंधाला स्पर्श करते. फिरोझाबादच्या भागात तर निवेदिका तरुणांना विचारते की तुम्ही सहकारी संस्था का स्थापन करीत नाही, आणि उत्तर मिळते की संघटित झालो तर पोलीस आम्हांलाच धरतील. सावकार, दलाल, पोलीस, नोकरशहा व राजकारणी यांचे जाळे आणि जन्माने चिकटलेली जात, अशी दोन कारणे पाठ स्पष्टपणे उच्चारतो.

परंतु कारणे उच्चारणे वेगळे आणि दाखविणे वेगळे. साहेब दिसतो, त्याच्या बुटाचे भोक दिसते, मुकेशची आजी दिसते, बांगड्या जोडणारी मुलगी दिसते. सावकार कोठेच दिसत नाही. तो एका यादीत येतो आणि यादीबरोबरच जातो. चहाच्या टपरीचा मालक दिसत नाही. एक डझन बांगड्या जोडण्याचे किती पैसे मिळतात आणि त्याच बांगड्या बाजारात काय भावाने विकल्या जातात, हे पाठ सांगत नाही; दलाल मध्ये किती घेतो हेही नाही. ज्या लेखिकेला टेनिसच्या जुन्या बुटाचे भोक दिसले, तिला हा हिशेब दिसला नसेल असे नाही; तो पाठाच्या नजरेच्या टप्प्यात घेतला गेला नाही. त्यामुळे शिकणाऱ्याच्या मनात गरिबाला चेहरा उरतो आणि विषमतेला नुसते नाव उरते. आजीच्या तोंडचे, हे आमच्या नशिबातच आहे, हे उत्तर त्या नावापेक्षा कितीतरी ठळक राहते, कारण ते माणसाच्या तोंडून आलेले आहे.

पाठापेक्षाही अधिक आक्षेपार्ह आहे तो त्यापुढील स्वाध्यायाचा एक भाग. प्रत्यक्षातील दुःखाला या गद्याने जवळजवळ काव्यमय रूप दिले आहे असे सांगून, अतिशयोक्ती, उपमा, रूपक इत्यादी ओळखण्यासाठी पाठातील वाक्यखंड विद्यार्थ्यापुढे ठेवले आहेत. अलंकार शिकवू नयेत असे कोण म्हणेल? परंतु अनवाणी मुलाच्या नावातील विसंगती ही अलंकाराचे उदाहरण म्हणून एकदा वहीत उतरली की ती तेथेच मिटते. परीक्षेत तिला गुण मिळतात आणि मुलाचा विषय संपतो. मुकेशचे स्वप्न कसे पुरे होईल, असाही एक प्रश्न चर्चेसाठी आहे. त्याचे अपेक्षित उत्तर उघड आहे : कष्ट, जिद्द, चिकाटी. स्वप्न मुकेशचे, म्हणून कष्टही त्याचेच. सावकाराला या उत्तरात काही करावयाचे उरत नाही. याच स्वाध्यायात एक प्रश्न मात्र चांगला आहे, तो सांगितला पाहिजे. बांगड्यांचे सौंदर्य व त्या घडविणाऱ्यांचे हाल यांतील विसंगतीसारखी इतर उदाहरणे आपल्या आसपास शोधून त्यांवर लिहावे, असे त्यात सुचविले आहे. येथे प्रथमच वस्तू आणि तिचा घडविणारा, म्हणजे पर्यायाने घेणारा आणि देणारा, एका वाक्यात आले. शिक्षकाने या एका प्रश्नावर तीन तास घालविले तरी ते सार्थकी लागतील.

यांतील अनेक दोषांचे मूळ मला सर्वनामांत दिसते. दारिद्र्याविषयीच्या अशा पाठांत ‘मी’ किंवा ‘आपण’ पाहणारा असतो आणि ‘ते’ पाहिले जाणारे असतात. वाचक पाहणाऱ्याच्या बाजूला आहे असे गृहीत धरलेले असते. इंग्रजी माध्यमाच्या सुखवस्तू शाळेत ते गृहीत कदाचित खरे ठरेल. पण विदर्भातील किंवा मराठवाड्यातील एखाद्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला, ऊसतोडणीच्या हंगामात आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेलेला, कनिष्ठ महाविद्यालयात कशीबशी इंग्रजी जुळवणारा विद्यार्थी हा पाठ वाचतो तेव्हा काय होते? त्याच्या घरचे पत्र्याचे छप्पर पाठात ‘त्यांचे’ म्हणून येते. उत्तर लिहिताना त्याला ‘हे लोक’ असा कर्ता वापरावा लागतो. इंग्रजी शिकण्याची किंमत म्हणून तो आपल्या घराकडे बाहेरून पाहावयास शिकतो, आणि परीक्षेच्या दृष्टीने त्याचे ते उत्तर निर्दोष असते. आपल्या प्रांतात हा प्रश्न अधिक तीव्र आहे, कारण येथे इंग्रजीकडे दास्यातून सुटण्याचे साधन म्हणून पाहण्याची परंपरा आहे. सावित्रीबाई फुले यांच्या १८५४ च्या ‘काव्यफुले’मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह आहे. जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे इंग्रजीतून सादर केलेल्या निवेदनाचा रोख तर थेट हिशेबावर होता : महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. ते निवेदन विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले नव्हते हे खरे. पण दोन्ही पक्षांची नावे एकाच वाक्यात घेण्याची धमक त्या इंग्रजीत होती.

दुरून पाहणाऱ्या वाचकासाठी, साध्या इंग्रजीत, तरीही विषमता न गमावता लिहिता येते काय, या प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ फार पूर्वीपासून आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटेखानी आत्मकथन १९३५-३६ च्या सुमारास लिहिले गेले. त्यांच्या हयातीत ते प्रसिद्ध झाले नाही. १९९० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने काढले, आणि १९९३ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात त्याचा समावेश झाला. परदेशी वाचकाला अस्पृश्यता आहे एवढे माहीत असते, ती किती जाचक असते हे त्याला कळत नाही, म्हणून सर्वसामान्य वर्णन न करता प्रसंगच सांगावेत, अशी भूमिका लेखकाने आरंभी घेतली आहे. आपल्या पाठ्यपुस्तककर्त्यांनी या भूमिकेचा विचार करावा. येथे वाचक परका आहे हे लेखकाने ओळखले आहे. पण त्याला पाहुणा म्हणून झोपडीत नेऊन कीव करावयास लावलेले नाही. लेखक स्वतः ‘मी’ आहे, आणि जे घडले ते त्या ‘मी’च्या बाबतीत घडले आहे.

पहिला प्रसंग १९०१ चा. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल आहेत. तेथे तलाव खोदण्याचे काम चालू आहे. साताऱ्याहून मुले त्यांना भेटावयास निघतात. अंगावर नवे कपडे, डोक्यावर झगझगीत टोप्या, पायांत बूट. खिशात भाड्याचे पैसे. मसूर स्थानकावर उतरल्यावर स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो, त्यांना ब्राह्मणांची मुले समजतो, आणि जात कळताच पाच पावले मागे सरल्यासारखा त्याचा चेहरा पालटतो. गाडीवान नेण्यास तयार होत नाहीत. दुप्पट भाडे देण्याची तयारी असूनही पैसा चालत नाही. शेवटी तोड निघते : मुलांनी स्वतः गाडी हाकावी, गाडीवानाने बाजूने पायी चालावे, आणि भाडे मात्र दुप्पट द्यावे. रात्रभराच्या प्रवासात बरोबर अन्न आहे, पाणी नाही. नाक्यावरच्या माणसाकडे जात लपवून पाणी मागितले तरी ते मिळत नाही.

हा प्रसंग वाङ्मयीन दृष्ट्या किती घट्ट बांधलेला आहे हे पाहण्यासारखे आहे. त्यात दरिद्री कोण? मुले नव्हेत. त्यांच्याजवळ कपडे आहेत, अन्न आहे, पैसे आहेत. दरिद्री असलाच तर गाडीवान आहे. त्याला भाड्याची गरज आहे आणि म्हणूनच तो दुप्पट भाड्यावर राजी होतो. परंतु जो पैशाने खाली आहे तो जातीने वर आहे, आणि आपल्या वरचेपणासाठी तो आपलीच गाडी सोडून धुळीतून पायी चालतो. ‘पुअर’ या एका विशेषणाने हा व्यवहार सांगता येणार नाही, आणि ‘रिच’ची भर घालूनही सांगता येणार नाही. येथे स्थिती नाही, निव्वळ संबंध आहे. आणि तो स्टेशन, गाडी, भाडे, रात्र, पाणी अशा शब्दांनी सांगितला आहे, जे कोणत्याही प्राथमिक शब्दयादीत बसतील. वाक्ये भूतकाळी व सरळ आहेत. लेखकाने कोठेही आवाज चढविलेला नाही. उपमा-रूपकांची नावे विचारणाऱ्या परीक्षकाला येथे फारसे काही सापडणार नाही, हीही या गद्याची एक सोयच म्हणावी लागेल.

यावर असा आक्षेप येईल की हे जातीविषयीचे लेखन आहे, दारिद्र्याविषयीचे नव्हे; विद्यार्थ्यास दोन्ही स्वतंत्रपणे कळावयास हवीत. हा आक्षेप ‘लॉस्ट स्प्रिंग’नेच खोडून काढला आहे, कारण फिरोझाबादच्या बांगडीवाल्यांना बांधून ठेवणाऱ्या दोन गोष्टींत त्याने जातीची गणना केली आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाला असा पाठ उघडे पाडील, त्याची जात चार जणांपुढे येईल, अशी भीती शिक्षक बोलून दाखवितात, आणि ती निराधार नाही. परंतु झोपडीचा पाठही त्या मुलाला उघडेच पाडीत होता, फक्त त्या वेळी त्याच्या हाती ‘ते’ हे सर्वनाम देऊन. या पाठात निदान ‘मी’ म्हणणारा माणूस पुढे कोण झाला हे सर्व वर्गाला ठाऊक असते. शिवाय वर्गातील इतर मुलांना स्टेशनमास्तर आणि गाडीवान यांच्या जागी उभे राहून पाहावे लागते. झोपडीच्या पाठात ती जागाच नव्हती.

स्वाध्याय मात्र नव्याने करावे लागतील. दुप्पट भाडे नेमके कशाबद्दल दिले गेले? गाडीवानाने काय कमावले आणि काय गमावले? स्टेशनमास्तरने मदत केली की अपमान केला, की दोन्ही? मुलांजवळ पैसे नसते तर प्रसंगात काय बदलले असते, आणि काय बदलले नसते? या प्रश्नांची उत्तरे साध्या भूतकाळात, पाचसहा वाक्यांत देता येतात, आणि प्रत्येक उत्तरात निदान दोन कर्ते लागतात. व्याकरणाच्या दृष्टीनेही ही सवय वाईट नाही. हाच कित्ता घेऊन ‘लॉस्ट स्प्रिंग’कडे परत येता येईल : मालकाच्या किटलीचे आठशे रुपये कोण देतो आणि चहा कोण पितो, असे विचारीत. मूळ आत्मकथनातील पहिला प्रसंग संक्षेप न करता देण्याजोगा आहे. नाक्याचा अधिकारी, दुष्काळी काम, रोखपाल एवढ्यांना टीपा लागतील. बाकी शब्द बारावीच्या विद्यार्थ्यास यावेत. आणि टीप देताना ‘महार’ या शब्दाचा अर्थ एका ओळीत देऊन मोकळे होण्याचा मोह टाळावा. तो प्रसंगच त्या शब्दाची टीप आहे.